उत्तर नॉर्वेच्या डोंगरावरचं दाबलेलं फूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरच्या आमच्या वाचनालयात संदर्भ विभागाच्या दाराशी काचेखाली एक हर्बेरियम शीट मांडलेली असते. हर्बेरियम म्हणजे अभ्यासासाठी वाळवून ठेवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आणि शीट म्हणजे त्यातला एक कागद. जाड पांढऱ्या कागदावर बसवलेली एक ठेंगणी रानवनस्पती, तिची दोन फुलं, थोडी पानं, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात निळ्या शाईत लिहिलेली मराठी चिठ्ठी. येणारे-जाणारे थांबतात, वाकून पाहतात आणि मग काउंटरवर येऊन विचारतात. बहुतेकांचे प्रश्न सारखेच असल्याने उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. ज्यांच्या घरात अशी जुनी दाबलेली फुलं पडून आहेत, त्यांच्यासाठी काही उत्तरं मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

हे फूल कोणतं?

शास्त्रीय नाव ड्रायस ऑक्टोपेटाला. गुलाबाच्या कुळातली ही वनस्पती. नॉर्वेत तिला 'राइनरोसे' म्हणतात. आइसलंडने २००४ साली तिला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. झाड म्हणावं तर जेमतेम वितीएवढंही उंच नाही, पण ते आहे झुडूपच: खोड लाकडी, पानं बारमाही हिरवी, आणि फांद्या दगडांवरून सरपटत जाडसर थर करतात. फुलाचा देठ तेवढा काही सेंटिमीटर वर येतो आणि त्यावर साधारण तीन सेंटिमीटर रुंदीचं एकच पांढरं फूल येतं. पाकळ्या बहुधा आठ असतात, म्हणून नावात 'ऑक्टो'. पण निसर्ग आकड्याला बांधलेला नसतो. आमच्या शीटवरच्या दोन फुलांपैकी डावीकडच्याला नऊ पाकळ्या आहेत. भिंग मागून घ्या आणि मोजून पाहा.

पानाकडेही नीट बघा. लांबी एक-दोन सेंटिमीटर, कडा गोलसर दातऱ्या आणि आत वळलेल्या. एक पान मुद्दाम उलटं करून बसवलं आहे. वरची बाजू काळपट हिरवी, खालची पांढऱ्या लवेने भरलेली. पानाची श्वासरंध्रं या लवेआड असतात. कोरड्या, बोचऱ्या वाऱ्यात पाणी उडून जाऊ नये म्हणून ही सोय. ज्यांनी हे पान उलटं चिकटवलं त्यांना वनस्पतिशास्त्र येत होतं, हे त्या एका पानावरून कळतं.

मुंबईत कसं आलं?

ज्या कुटुंबाने ही शीट दिली, त्यांचे काका बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. त्याआधी मुंबईतच बी.एस्सी. केलेलं, विषय वनस्पतिशास्त्र. सत्तरच्या दशकातल्या एका जुलैमध्ये त्यांची मालबोट ट्रोम्सो बंदराला लागली. हे बंदर आर्क्टिक वृत्ताच्याही वर, जवळजवळ ७० अक्षांशावर आहे, तरी उत्तर अटलांटिकच्या उष्ण प्रवाहामुळे हिवाळ्यातही गोठत नाही. आपली मुंबई १९ अक्षांशावर. म्हणजे नुसतं उत्तरेकडे मोजलं तरी साडेपाच हजार किलोमीटरचं अंतर झालं.

ट्रोम्सोच्या समोरच्या डोंगरावर १९६१ पासून केबलकार आहे. ती समुद्रसपाटीपासून सुमारे ४२० मीटर उंचीवर नेऊन सोडते. काका सुट्टीच्या दिवशी वर गेले, पुढे पठारावर चालत गेले आणि तिथे हे फूल त्यांना दिसलं. बोटीवर परतल्यावर वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये दाबून त्यांनी ते रेडिओरूममध्ये यंत्रांच्या कपाटावर ठेवलं, कारण अख्ख्या बोटीत तीच जागा सतत उबदार आणि कोरडी असायची. कुटुंबाच्या इच्छेनुसार आम्ही नाव जाहीर करत नाही.

चिठ्ठीवर काय लिहिलं आहे? अक्षर लागत नाही.

जसंच्या तसं देतो. तारीख शीटवरच पाहावी.

'ट्रोम्सो, नॉर्वे. केबलकारच्या वरच्या ठाण्याच्या पुढे, पूर्वेला, पठारावर. चुन्याचा फुटका दगड. झाडं खाली राहिली. वारा फार. फूल पांढरंशुभ्र, मध्ये पिवळं. पाकळ्या आठ, काहींना नऊ. सगळ्यांची तोंडं सूर्याकडे. पानं खालून पांढरी. पुष्कळ आहे, थोडंच घेतलं.'

एवढ्यात किती सांगितलं आहे, पाहा. जागा कोणती, जमीन कशी, उंचीचा अंदाज, वाळल्यावर जाणारा रंग, फुलाची सवय, आणि ते तिथे विपुल होतं की तुरळक. 'चुन्याचा फुटका दगड' हे तर विशेषच. ड्रायसला चुनखडीची जमीन लागते, हे कुठल्याही ग्रंथात सापडेल. पण काकांनी ते डोळ्यांनी पाहून नोंदवलं. आमच्या मते या शीटवरचा सर्वात मोलाचा ऐवज फूल नाही, ही चिठ्ठी आहे. चिठ्ठीवाचून फूल म्हणजे वाळलेली शोभेची वस्तू. चिठ्ठी असेल तर त्या डोंगराच्या त्या दिवसाचा पुरावा.

फक्त ४२० मीटर? आपलं महाबळेश्वरसुद्धा त्यापेक्षा उंच आहे. मग याला उंच पर्वतावरचं फूल का म्हणायचं?

हा प्रश्न सर्वात जास्त ट्रेकर मंडळी विचारतात. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे या ठिकाणाच्या जवळजवळ चौपट. तरी कळसूबाईच्या माथ्यावर अल्पाइन वनस्पती उगवत नाहीत.

याचं कारण असं की वनस्पतीला मीटर कळत नाहीत, तिला तापमान कळतं. दर हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. आणि विषुववृत्तापासून उत्तरेकडे सरकलं तरीही ती थंड होतच जाते. जिथे उन्हाळा इतका तोकडा आणि गार होतो की झाडाला झाड म्हणून उभं राहता येत नाही, तिथे वृक्षरेषा येते. तिच्या वरचा मुलूख तो अल्पाइन. ही रेषा हिमालयात साधारण साडेतीन ते चार हजार मीटरवर असते, आल्प्समध्ये दोन हजाराच्या आसपास, ट्रोम्सोच्या आजूबाजूला काहीशे मीटरवर. अजून उत्तरेला गेलं की ती समुद्रालाच टेकते. स्वालबार्ड बेटांवर हेच ड्रायस थेट किनाऱ्यावर फुलतं. भारताचं 'हिमाद्रि' हे संशोधन केंद्र २००८ पासून तिथेच, न्यू-ऑलेसुंडला, ७९ अक्षांशावर आहे.

म्हणून काकांनी चिठ्ठीत लिहिलेलं 'झाडं खाली राहिली' हे वाक्य उंचीच्या आकड्यापेक्षा जास्त बोलकं आहे. आपल्या सह्याद्रीत माथ्यावर झाडं नसली, तर त्याला कातळ, वारा, वणवा, चराई अशी इतर कारणं असतात. थंडी हे कारण नसतं.

इतक्या थंडीत ते फुलतं तरी कसं?

वर्षाचे बहुतेक महिने ते फक्त तग धरतं. ट्रोम्सोला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. मग मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो मावळत नाही. वर्षभराचा संसार या थोड्या आठवड्यांत उरकायचा असतो.

ड्रायसचं फूल खोलगट असतं आणि ते सूर्याबरोबर तोंड फिरवतं. पांढऱ्या पाकळ्यांवर पडलेलं ऊन परावर्तित होऊन मधल्या पिवळ्या भागावर एकवटतं. त्यामुळे फुलाच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी गरम राहते. माश्या आणि इतर छोटे कीटक तिथे नुसते मधासाठी नाही, अंग शेकायलाही येऊन बसतात. परागकण त्यांच्या अंगाला लागतात, आणि उबेमुळे बी लवकर धरतं. काकांच्या 'सगळ्यांची तोंडं सूर्याकडे' या टिपणाला हा सगळा संदर्भ आहे.

फुलानंतर काय होतं तेही सांगायला हवं, कारण ते शीटवर दिसत नाही. प्रत्येक बीला लांब, रेशमी पिसासारखं शेपूट फुटतं. आधी ही शेपटं एकमेकांत पिळलेली असतात, मग सुटतात आणि वारा त्यांना घेऊन जातो.

'यंगर ड्रायस' म्हणतात ते याच फुलावरून का?

होय. शेवटच्या हिमयुगाचा बर्फ ओसरू लागल्यावर युरोप उबदार होत होता. तेवढ्यात, सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी, थंडी अचानक परतली आणि हजारभर वर्षांहून जास्त टिकली. ११,७०० वर्षांपूर्वीच्या सुमारास ती संपली. डेन्मार्क-स्वीडनमधल्या जुन्या तळ्यांच्या चिकणमातीत त्या काळाच्या थरात ड्रायसची पानं सापडली. हे फूल थंड, उघड्या माळावरचं. म्हणजे जिथे तोवर झाडं येऊ लागली होती, तिथे पुन्हा टुंड्रा, म्हणजे झाडं नसलेला गोठका माळ, पसरला होता. पान चामड्यासारखं चिवट असल्यामुळे ते मातीत टिकलं आणि भूशास्त्रज्ञांनी त्या कालखंडाला त्याचंच नाव दिलं.

एक विचार आमच्या मनात नेहमी येतो. मातीच्या थरात दबलेलं ते पान आणि कागदात दाबलेलं हे पान, दोन्हीकडे पानाने आपल्या जागेची साक्ष जपली आहे. फरक इतकाच की मातीतल्या पानाचं वय संशोधकांना खटपट करून काढावं लागलं, इथे एका माणसाने तारीख घालून ठेवली.

याला नाव कोणी दिलं?

कार्ल लिनियसने. १७३२ साली, वयाच्या पंचविशीत, तो लॅपलंडच्या मोहिमेवर गेला आणि तिथल्या वनस्पती गोळा करून आणल्या. ड्रायसची पानं आकाराने ओकच्या पानांची आठवण करून देतात, म्हणून ओकच्या वनदेवतांचं नाव त्याने या ठेंगण्या झुडपाला दिलं. त्याचा संग्रह आज लंडनच्या लिनियन सोसायटीत आहे. वनस्पती वाळवून कागदावर ठेवण्याची पद्धत मात्र त्याच्या बरीच आधीची. सोळाव्या शतकात इटलीत लूका गिनी यांच्यापासून ती रूढ झाली असं मानतात. तेव्हा ती पानं पुस्तकासारखी बांधत. लिनियसने सुटे कागद कपाटात ठेवायला सुरुवात केली, म्हणजे नवी भर पडली की क्रम बदलता येतो. आज जगात तीन हजारांहून जास्त हर्बेरियम आहेत आणि त्यांत मिळून सुमारे ४० कोटी नमुने आहेत.

फुलाचा फोटो काढला असता तर भागलं नसतं का?

फोटो काढावाच. पण फोटोत पानाची मागची बाजू नसते, पेशी नसतात, डीएनए नसतो. तोडणाऱ्याच्या स्वप्नातही नसलेले प्रश्न नमुन्याला नंतर विचारता येतात. दोन उदाहरणं देतो.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली. त्या काळात कुणीतरी करपलेली बटाट्याची पानं वाळवून हर्बेरियममध्ये ठेवली होती. २०१३ साली लंडनचं क्यू हे वनस्पती उद्यान आणि जर्मनीतलं म्युनिक इथल्या अशा पानांमधून संशोधकांनी त्या रोगजंतूचा डीएनए काढला आणि दुष्काळ पाडणारा नेमका वाण कोणता होता हे शोधलं. पानं ठेवली तेव्हा डीएनए हा शब्दही नव्हता.

दुसरं उदाहरण पानांच्या श्वासरंध्रांचं. केंब्रिजमध्ये एफ. आय. वुडवर्ड यांनी जुन्या हर्बेरियममधली झाडांची पानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. १९८७ साली त्यांनी दाखवलं की दोनशे वर्षांत श्वासरंध्रांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला, तसं पानाला कमी रंध्रांत भागवता येऊ लागलं. हे कळलं ते पानासोबत तारीख होती म्हणून. तारीख नसती तर ती नुसतीच जुनी पानं राहिली असती.

फूल पांढरं होतं, मग आता असं तपकिरी का?

पांढऱ्या पाकळीत पांढरा रंग नसतोच. पेशींमधल्या हवेच्या पोकळ्यांवरून उजेड विखुरतो म्हणून ती पांढरी दिसते. वाळताना या पोकळ्या चेपतात, पाकळीतली रसायनं हवेशी संयोग पावून तपकिरी होतात. म्हणून चिठ्ठीत ताज्या फुलाचा रंग लिहायचा. निळी-जांभळी फुलं तर अनेकदा पार उडून जातात. पिवळी त्यातल्या त्यात टिकतात. इथेही मधले पुंकेसर अजून पिवळसर आहेत, हे भिंगातून दिसतं.

कागदाच्या वरच्या बाजूला जी छोटी घडी चिकटवली आहे, तिच्यात काय आहे?

गळलेली एक पाकळी, तीन पानं आणि मुळाशी चिकटलेले खडीचे बारीक कण. देवळात अंगाऱ्याची पुडी बांधतात तशीच ती घडी आहे. शीटवरून काहीही सुटलं तरी फेकायचं नाही, पुडीत ठेवायचं, हा हर्बेरियमचा नियम. पुढे कुणाला तपासणीसाठी तुकडा हवा असेल, तर चिकटलेल्या रोपाला हात न लावता पुडीतला देता येतो. खडीचे ते कण म्हणजे ट्रोम्सोचा डोंगरच. आम्ही ते जपून ठेवले आहेत.

माझ्या आजीच्या वहीत, पोथीत, जुन्या डायरीत दाबलेली फुलं सापडली आहेत. काय करू?

सर्वात आधी: फुलं पुस्तकातून काढू नका. कोणत्या पानात, कशाशेजारी होती, हीसुद्धा माहिती आहे. आधी फोटो घ्या, पानाचा क्रमांक लिहून ठेवा. मग घरातल्या जुन्या माणसांना विचारा. ही फुलं कुठली, कधीची, कोणी आणली? आज हे सांगणारं कुणी घरात असेल, तर आजच विचारा. ऐकलेलं सगळं तारखेसह शिसपेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहा. सांगणाऱ्याचं नावही लिहा. बॉलपेन आणि जेलपेनची शाई दमट हवेत पसरते किंवा उडते, पेन्सिल राहते.

आणि कागदाची एकही चिटोरी फेकू नका. एका घरातून आमच्याकडे काश्मीरच्या फुलांचा अल्बम आला. सुंदर होता. पण फ्रेम करून देणाऱ्याने खालच्या चिठ्ठ्या 'मळकट दिसतात' म्हणून कापून टाकल्या होत्या. फुलं ओळखता आली, पण कुठल्या मार्गावर, कुठल्या उंचीवर, कुठल्या साली वेचली, ते कायमचं गेलं. वाईट वाटतं, कारण ज्याने ती फुलं वेचली त्याने सगळं लिहून ठेवलं होतं.

नवीन कागदावर बसवायची असतील, तर आम्लमुक्त जाड कागद घ्या. हर्बेरियमचा नेहमीचा आकार साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटर असतो. देठावरून कागदाच्याच बारीक पट्ट्या टाकून, पट्टीची टोकं तेवढी चिकटवा. फुलाला थेट गोंद लावू नका. सेलोटेप तर अजिबात नको. काही वर्षांत ती पिवळी पडते, चिकटा कागदात उतरतो आणि निघता निघत नाही. गव्हाची खळ जुनी आणि चांगली, पण मुंबईत ती किड्यांना आमंत्रण ठरते, म्हणून मिथाइल सेल्युलोज (पाण्यात कालवून वापरायचा एक गोंद) बरं.

लॅमिनेट केलं तर कायमचं टिकेल ना?

नाही. उष्णतेने फूल भाजतं, आत अडकलेली ओल तशीच राहते, आणि पुन्हा कधीही ते बाहेर काढता येत नाही. जे परत फिरवता येणार नाही ते करायचं नाही.

मुंबईच्या हवेत हे टिकतं कसं?

सहज टिकत नाही, राखावं लागतं. हर्बेरियमला साधारण ४० ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ८० टक्क्यांच्या वर असते. ६५-७०च्या पुढे बुरशी जोर धरते. त्यात समुद्राची खारी हवा, भिंतींना आलेली ओल आणि चाळींच्या लाकडी कपाटांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कसर.

आम्ही काय करतो ते सांगतो. जून सुरू व्हायच्या आत शीट काचेखालून काढतो, पातळ कागदात घालून घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरतो. डबा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवायचा नाही, जमिनीवरही नाही. मे महिन्यातल्या पन्नास मिनिटांच्या उन्हात शीट 'वाळवायला' ठेवण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो मानू नका. उन्हाने कागद ठिसूळ होतो आणि उरलासुरला रंगही जातो.

किडीचा संशय असेल, म्हणजे कागदावर पिठासारखी भुकटी किंवा बारीक भोकं दिसली, तर औषध फवारू नका. शीट दोन प्लास्टिक पिशव्यांत हवाबंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही. ही पायरी लोक गाळतात आणि मग गार कागदावर हवेतलं पाणी धरतं. पिशवी बंद असली की ते पाणी बाहेरून जमतं, फुलाला लागत नाही.

डांबरगोळ्यांबद्दल: पूर्वी सर्रास वापरत. त्या वासाने डोकं दुखतं, श्वासाला त्रास होतो, आणि असलेली कीड त्याने पूर्णपणे मरत नाही. आम्ही त्या बंद केल्या आहेत.

जुन्या शीट विषारी असतात हे खरं का?

संस्थांमधल्या जुन्या शीट असू शकतात. कीड लागू नये म्हणून नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवण्याची पद्धत भारतात आणि बाहेरही दीर्घकाळ होती. हे पाऱ्याचं विष आहे आणि ते कागदात वर्षानुवर्षं राहतं. अशा शीटवर कधी करडे-काळसर डाग दिसतात. भंगारवाल्याकडून, जुन्या बाजारातून किंवा बंद पडलेल्या प्रयोगशाळेतून शीट मिळाली असेल तर हातमोजे घाला, मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा, नंतर साबणाने हात धुवा. मुलांच्या हाती देऊ नका. आमची ही शीट घरगुती आहे, तिच्यावर विष वापरलेलं नाही. तरी हाताळताना आम्ही हातमोजे घालतोच.

हे रोप मुंबईत कुंडीत लावता येईल का?

नाही. थंड देशांतल्या दगडी बागांमध्ये ते लावतात. इथल्या गरम रात्रींत रोपाने दिवसा कमावलेलं अन्न रात्रीच्या श्वसनात संपून जातं. एसी लावूनही तो हिवाळा आणि तो उजेड येत नाही. त्या टापूची फुलं पाहायचीच असतील तर हिमालयात जा. ऑक्सिरिया डिजायना आणि बिस्टोर्टा व्हिव्हिपारा या आर्क्टिकमधल्या दोन वनस्पती हिमालयाच्या उंच भागातही उगवतात.

मी ट्रेकला जातो. अशी फुलं खुडून आणू का?

आम्हाला हा प्रश्न आवडतो आणि उत्तर मात्र बहुतेकदा 'नको' असं असतं. उत्तराखंडची व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे खुडायला मनाई आहे. आपलं कास पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून आहे, तिथेही तेच. स्वालबार्डवर कायद्यानेच वनस्पतींना संरक्षण आहे. थंड माळावर झाडं फार सावकाश वाढतात. ड्रायसचा हातभर रुंद थर व्हायला कित्येक दशकं लागतात. सहलीला येणाऱ्या प्रत्येकाने एकेक मूठ नेली तर उरणार काय?

काकांनी जिथून घेतलं ते ठिकाण संरक्षित क्षेत्रात नव्हतं, आणि 'पुष्कळ आहे, थोडंच घेतलं' हे त्यांनी स्वतःहून लिहिलं. तो संकोच आम्हाला फार मोलाचा वाटतो.

शिकायचंच असेल तर दाराशी शिका. प्राजक्त, गोकर्ण, सदाफुली, सोसायटीच्या कुंपणावरची घाणेरी. दोन टीपकागद, वर्तमानपत्राच्या घड्या, वर जड पाटा. पहिले चार-पाच दिवस रोज कागद बदला, आपल्या हवेत हे चुकवून चालत नाही. पाने कडक झाली, गालाला लावल्यावर गार लागली नाहीत, म्हणजे वाळली. मग चिठ्ठी लिहा: कोणी, कुठे, कधी, जमीन कशी, ताजा रंग कोणता, घरात त्याला काय म्हणतात. आधी चिठ्ठी, मग शीट, या क्रमाने केलं तर विसरत नाही.

संग्रह घरी सांभाळणं शक्य नाही. कुठे द्यावा?

मुंबईत धोबी तलावाला सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे. स्वित्झर्लंडहून आलेले फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी ते १९०६ साली उभं केलं, आणि पुढे खंडाळ्याच्या वनस्पतींचा बारकाईने अभ्यास करणारे फादर सांतापाव यांनी ते वाढवलं. पश्चिम भारताच्या वनस्पतींचा हा फार मोठा ठेवा आपल्या शहरात आहे आणि रोज त्या फुटपाथवरून जाणाऱ्या कितीतरी जणांना त्याची कल्पना नसते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे.

जाण्याआधी पत्र किंवा ईमेल करा, फोटो जोडा, चिठ्ठ्यांचे फोटो वेगळे आणि वाचता येतील असे जोडा. तिथले लोक सर्वात आधी तेच पाहतील. चिठ्ठी असलेला साधा नमुना ते घेण्याची शक्यता जास्त, बिनचिठ्ठीचा देखणा नमुना घेण्याची कमी.

ही शीट कधी पाहता येईल? मुलांना आणू का?

दिवाळीनंतर मेअखेरपर्यंत ती काचेखाली असते. पावसाळ्यात डब्यात असते, पण तेव्हाही संदर्भ विभागात तिची मोठ्या आकाराची छापील प्रत पाहायला मिळते. मुलांना जरूर आणा. भिंग काउंटरवर मागा. फोटो काढा, पण फ्लॅश बंद करून. काचेवर टेकू नका, खालचा टेबल जुना आहे. आणि घरची दाबलेली फुलं दाखवायची असतील तर पुस्तकासकट आणा. शनिवारी दुपारी आमच्यापैकी कुणीतरी त्याच कामासाठी बसलेलं असतं. कोरी चिठ्ठी आणि शिसपेन्सिल आमच्याकडे मिळेल.